पेंढ्याचं रानडुक्कर

लखनौचं माझ्यावर ऋण आहे असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी कबाब येतात, मग चिकनचे कुडते, आणि माणूस गाण्यातला असला तर भातखंडे. कबाबांचं ऋण आहेच, ते मी नाकारत नाही. भातखंडे यात कसे आले ते पुढे सांगते. पण मुख्य देणं आहे ते मलिहाबादच्या अलीकडे एका आमराईत राहणाऱ्या चचांचं. त्यांनी मला नोकरी लावून दिली नाही, आजारपणात उशाशी बसले नाहीत, पैशाची नड भागवली नाही. पेंढ्याच्या जनावरांवर बाण कसा मारावा आणि कधी मारू नये, एवढंच शिकवलं. आमच्या घरात अजून काही जणांना ही गोष्ट देणं म्हणून वहीत लिहिण्याजोगी वाटत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी लखनौला गेले ती राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत. संस्था सिकंदरबागेत आहे. वाजिद अली शाहाने बांधलेली आणि 1857 च्या लढाईत रक्ताने भिजलेली ही बाग, आणि तिच्या शेजारी आमच्या प्रयोगशाळा. माझं काम दगडफुलाच्या कुळाचं. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल या कुळातलं सगळ्यांत प्रसिद्ध. बाकीची मंडळी झाडाच्या सालीला राखाडी, हिरवट, पिवळसर डागांसारखी चिकटून असतात आणि माणूस त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हवा बिघडली की यांतल्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात. त्यामुळे शहराच्या मधोमध किती जाती उरल्या आणि शहराबाहेर किती, याची मोजणी करायची तर एकच झाड दोन्हीकडे हवं. लखनौत ते आंब्याचं. म्हणून हरदोई रस्त्याने मलिहाबादकडे जायचं, बागवाल्याची परवानगी काढायची, चाकूने सालीचा कपचा काढून पाकिटात घालायचा, असा माझा उद्योग चाले.

त्या आमराईत एका बुंध्याशी उकिडवी बसून मी कपचा काढत होते, तेव्हा पलीकडच्या ओळीत रानडुक्कर दिसलं. मान खाली, पाठीवरचे केस ताठ. मी चाकू हातात घेऊन तशीच थिजले. डुक्कर हललं नाही. मग लक्षात आलं की त्याचं पोट गोणपाटाचं आहे, पाठीवरचे केस म्हणजे सुंभाचे तुकडे आहेत आणि पुढच्या पायामागे गोणपाट चाळणीसारखं फाटून आतला पेंढा बाहेर आलाय. ती भोकं कशाची हे मला कुणी सांगायला नको होतं. साताऱ्याच्या शाळेत बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळत मी मोठी झाले होते. पुढे रिकर्व्ह, विद्यापीठाचा संघ, सगळं झालं होतं. लखनौला येताना धनुष्य आणलं होतं, पण ते खाटेखाली पेटीत पडून होतं.

मागून आवाज आला, ‘‘बिटिया, ते तुम्हाला काही करणार नाही. गेल्या वर्षीच मेलंय.’’

चचा तेव्हा सत्तरीच्या घरात होते. काटकुळे, पांढरी दाढी, थंडी असो नसो गळ्यात मफलर. वडील तराईत तालुकदारांच्या शिकारीची व्यवस्था बघायचे: हाका घालणारी माणसं जमवायची, मचाण बांधायचं, जखमी जनावराचा माग काढायचा. चचा पोरवयात त्यांच्या मागे हिंडले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो धंदा संपला. चचांना याचं फारसं दुःख नव्हतं. बंदुकीबद्दल त्यांना पहिल्यापासून तुच्छताच होती. ‘‘लांबून धडाम करायचं, मग चहा प्यायचा,’’ असं ते तिचं वर्णन करत. तिरंदाजीचं वेड त्यांना वडिलांकडूनच आलं होतं. जुन्या लखनौत हे काही नवल नव्हतं म्हणा. अब्दुल हलीम शरर यांनी गेलेल्या लखनौबद्दल जे पुस्तक लिहिलं, त्यात लाठी, पटा, बांक यांच्या जोडीने तिरंदाजीही लखनौच्या मर्दानी विद्यांमध्ये धरली आहे. दिलकुशा कोठी, जिच्या पडक्या भिंतींपुढे आज लोक फोटो काढतात, ती नवाब सआदत अली खानाच्या काळात शिकारीची कोठी म्हणून उभी राहिली. शिकारीची हौस या शहराच्या अंगात होती. चचांनी तिच्यातून रक्त वजा केलं आणि उरलं ते आमराईत मांडलं.

मांडलं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. आमराई, तिच्या कडेला बेहता नाल्याची कगार, कगारीखाली विलायती बाभळीचं रान आणि वीटभट्टीवाल्यांनी माती उकरून सोडलेला एक खड्डा. लखनौची जमीन पोळपाटासारखी सपाट. चढउतार मिळतो तो नाल्याच्या काठी. त्या काठाचा चचांनी पुरेपूर वापर केला होता. या टापूत डझनभर जनावरं पेरलेली: चितळ, काळवीट, दोन डुकरं, नीलगाय, एक कोल्हा आणि बाभळीच्या बुडाशी एक रानकोंबडा, जो मला कधी पटकन दिसला नाही. भाताचा पेंढा सुंभाने आवळायचा, वर गोणपाट शिवायचं, चुना आणि गेरूने रंगवायचं. परदेशात अशा सरावाला फोमची जनावरं असतात. एका फोमच्या हरणाच्या पैशात चचांनी सगळं जंगल उभं केलं असतं.

जनावरावर वर्तुळं नाहीत, पिवळा ठिपका नाही. काळीज आणि फुप्फुसं जिथे असायला हवीत तिथे गोणपाटाच्या आत कागद शिवलेला. बाण कागदाला लागला का, हे जनावराजवळ जाऊन, गोणपाटात बोटं घालूनच कळायचं. म्हणजे नेम धरताना आतलं शरीर डोळ्यांपुढे यायला हवं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या जरा मागे. तिरकं, पाठमोरं असेल तर नेम बराच मागे सरकवायचा, कारण बाण पुढच्या पायाच्या दिशेने आत शिरणार. समोरून तोंड असेल तर मारायचंच नाही. चचा हे असं सांगत की एखादा शरीरशास्त्राचा मास्तर लाजावा.

मी आले होते सत्तर मीटरच्या मैदानातून. तिथे सगळं ठरलेलं. टार्गेट 122 सेंटिमीटरचं, मधला दहाचा गोल 12.2 सेंटिमीटरचा, अंतर तसूभरही बदलत नाही. साइटवर सत्तरची खूण पेनने करून ठेवायची आणि जन्मभर तीच हालचाल पुन्हापुन्हा करायची. हुकलं तर दोष आपल्या हाताचा, फार तर वाऱ्याचा. चचांच्या आमराईत अंतर कुणी सांगत नाही. माझं धनुष्य 36 पौंडांचं. त्यातून सुटलेला बाण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. ऐकायला हे फार वाटतं. पण चाळीस मीटरवरचं जनावर पस्तीसवर आहे असं धरलंत तर तो बाण फूटभर खाली जातो. काळजावर धरलेला नेम पायांमधून गवतात.

आणि डोळा फसतो, तोही ठरलेल्या रीतीने फसतो. मध्ये खोलगट भाग असला, त्याचा तळ दिसत नसला, की पलीकडची वस्तू जवळ वाटते. दोन्ही बाजूंनी झाडांची ओळ आणि मधून अरुंद बोळ असला की तीच वस्तू लांब वाटते. उन्हात उभं असलेलं जवळ, सावलीतलं लांब. मी वैज्ञानिक बाई असल्याने माझा उपाय काढला होता: आंब्याची झाडं ओळीत सारख्या अंतराने लावलेली असतात, तेव्हा ओळी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. काही आठवडे माझे बाण छान बसले. चचा काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गेले तर सगळी जनावरं ओळींना तिरकी लावलेली. चौकोनाच्या कर्णावर गुणाकार करायचा म्हणजे दोनाचं वर्गमूळ आलं, आणि ते करेपर्यंत हात कापायला लागतो. चचा खाटेवर बसून शेंगदाणे सोलत होते. ‘‘हिसाब दफ्तरात करायचा, बिटिया,’’ एवढंच म्हणाले.

त्यांची स्वतःची रीत अशी: आधी अर्धं अंतर बघायचं. आपल्यापासून जनावरापर्यंतच्या मध्यावर एखादं ढेकूळ, एखादं रोप नजरेने पक्कं करायचं. पंधरा-वीस पावलांचा अंदाज माणसाचा सहसा चुकत नाही. तो करायचा आणि दुप्पट धरायचा. कगारीवरून खाली मारताना मात्र हेही पुरत नाही. बाणाला खाली ओढणारी ओढ आडव्या अंतरापुरती मोजायची. तीस अंशाच्या उतारावर चाळीस मीटर तिरकं अंतर असेल, तर नेम पस्तीस मीटरच्या हिशेबाने. चचांना अंश माहीत नव्हते. ते म्हणत, झाडाच्या शेंड्यावरून दगड टाकला तर जिथे पडेल, तिथून जनावरापर्यंत मोज. अगदी तेच.

आमचं पहिलं भांडण नीलगायीवरून झालं. ती सगळ्यांत लांब, खड्ड्याच्या पलीकडे, पन्नास पावलांच्याही पुढे होती. मला तर तिथेच बरं वाटायचं. सत्तर मीटरवाल्याला पन्नास म्हणजे घरचं अंगण. मी नेम धरला, कमान पुरती ओढल्याची खूण देणारा क्लिकर वाजला, बाण सुटला आणि कागदाच्या मधोमध बसला. चचांचा नातू, तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल, धावत जाऊन बघून आला आणि तिकडूनच ओरडला. चचांनी वहीत शून्य लिहिलं.

‘‘चचा, मधोमध लागलाय!’’

‘‘लागला ना. कारण ती पेंढ्याची आहे म्हणून उभी राहिली.’’

मग त्यांनी जे समजावलं त्यावर मी घरी येऊन आकडेमोड केली आणि ते शब्दशः खरं निघालं. दोरी सुटली की आवाज होतो. आवाज सेकंदाला 340 मीटरने जातो, माझा बाण 55 ने. म्हणजे आवाज सहापट वेगाने पुढे. तीस मीटरवरच्या चितळाला आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोचतो. बाणाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. त्या मधल्या वेळात चितळ उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसतं, आणि काळजावर सोडलेला बाण पाठीवरून जातो किंवा पाठीत रुततो. पाठीत रुतलेला बाण घेऊन जनावर दोन दिवस हिंडतं. चचांच्या वडिलांचं अर्धं आयुष्य अशाच जनावरांचा माग काढण्यात गेलेलं. म्हणून चचांचा नियम होता की पंचवीस पावलांपलीकडे बाण मारला तर लागला तरी शून्य. नीलगाय तिथे उभी होती ती मारण्यासाठी नव्हेच. ती होती जवळ जाण्यासाठी. खड्ड्याच्या कडेने, बाभळीच्या आडून, वाळक्या पाचोळ्यात पाय न वाजवता पंचवीस पावलांवर पोचायचं आणि मग सोडायचा. पाचोळ्यात चालायचं कसं? टाच आधी नाही, पावलाची बाहेरची कड आधी. वजन टाकण्याआधी पायाने काटकी चाचपायची. थंडीच्या दिवसांत सकाळी दव पडलेलं असलं की पाचोळा मऊ असतो. ऊन चढलं की पापडासारखा वाजतो. लखनौचं डिसेंबरातलं धुकं मी बिनकामाचं समजत होते. चचा त्याला सुट्टी समजत नसत. ‘‘आज तर जवळ जायची मजा,’’ म्हणत.

दुसरा नियम मला जास्त जड गेला. कगारीखालच्या चितळामागे चचांनी एक पाडस लावलं होतं. विशिष्ट जागेवरून बघितलं तरच दिसायचं, गेरूचा पुसट रंग. चितळाला लागलेला बाण आरपार गेला तर पाडसाला लागणार. अशा ठिकाणी कमान पूर्ण ओढायची, बघायचं आणि बाण न सोडता कमान उतरवायची. त्याला पूर्ण गुण. एका काळविटाच्या पुढे बोटभर जाडीची फांदी आडवी आलेली होती, तिथेही तेच. कुठे सोडायचा आणि कुठे उतरवायची हे चचा सांगत नसत आणि दर खेपेला जागा बदलत.

धनुष्य न चालवणाऱ्याला यात काय अवघड, असं वाटेल. मैदानी तिरंदाजीत आम्ही उलटं शिकतो. ओढली की सोडायची. सामन्यात आलटूनपालटून बाण सोडताना वीस सेकंद मिळतात. त्यात उतरवून परत ओढायला वेळ कुठे? शिवाय शरीराला सवय लागते: क्लिकर वाजला की बोटं आपोआप सैल होतात. ही सवय लावण्यासाठी मी कॉलेजातली तीन वर्षं घालवली होती. ती मोडायची म्हणजे 36 पौंडांचा ताण तीन बोटांवर आणि पाठीच्या पाखांवर असताना, डोकं ‘थांब’ म्हणेल तेव्हा तो सगळा ताण हळूहळू पुढे न्यायचा. हिसका बसला तर बाण सुटतो. बाण पडला आणि दोरी रिकामी सुटली तर धनुष्याच्या पात्याला चीर जाते. खांद्याच्या मागे, पाखाच्या आतल्या कडेला जे स्नायू आहेत, ते ओढताना जितके दुखत नाहीत तितके उतरवताना दुखतात. पहिला हिवाळा मी प्रयोगशाळेत डाव्या हाताने पिपेट धरत होते. आमच्या विभागातल्या एका बाईंनी मला हाडांच्या डॉक्टरचा पत्ता दिला.

नियमपुस्तकं मी बरीच नंतर वाचली. जागतिक तिरंदाजी संघटनेची फील्ड तिरंदाजीची जागतिक स्पर्धा 1969 पासून भरते. फोमच्या जनावरांची 2003 पासून. मूळ कल्पना अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांची. शिकारीचा हंगाम नसताना रानातला हात टिकावा म्हणून त्यांनी झाडीत, चढउतारावर, न सांगितलेल्या अंतरांवर निशाणं मांडली. जनावराच्या आतल्या लहान गोलाला 11 गुण, त्याबाहेर 10, मग 8, उरलेल्या अंगाला 5. शिंगाला किंवा खुराला लागला तर काहीच नाही. हे वाचताना मला चचांची वही आठवत होती. उतरवलेल्या कमानीला मात्र कुठल्याच पुस्तकात गुण नाहीत. देताच येणार नाहीत, हेही खरं. पंच काय म्हणून लिहील? चचांचं गणित चचांच्याच आमराईत चालायचं.

बाण हरवायचे. अ‍ॅल्युमिनियमचा बाण जमिनीला लागला की गवताच्या मुळाखालून सापासारखा सरकत जातो आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. नातू अनवाणी पायांनी गवत चाचपत चालायचा आणि तळव्याला गार लागलं की थांबायचा. त्याच्या पायाने माझे किती पैसे वाचवले असतील! मोहोर धरला की मात्र हे सगळं बंद. फेब्रुवारीपासून बाग राखणीला जायची, पोपट हाकलायला गुलेलवाली पोरं बसायची, मग दसहरी उतरून पेट्या भरेपर्यंत जनावरं गोठ्यात रचून ठेवलेली. पावसाळ्याच्या शेवटी चचा नवा पेंढा भरायचे.

फी द्यायचा विषय मी काढला तेव्हा चचा खरोखर रागावले. लखनौचा राग म्हणजे आवाज खाली जातो आणि ‘आप’ जास्त गोड होतो. चचींनी मध्ये पडून विषय मटारच्या निमोन्यावर नेला. पुढच्या खेपेला मी आईने पाठवलेला गोडा मसाला नेला. चचींनी डबा उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘यात पत्थर का फूल आहे.’’ त्यांच्या कबाबाच्या मसाल्यातही तेच. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी कुणी परदेशी राहिले नाही, आणि निमोन्यात गोडा मसाला पडायला लागला. चांगला लागत होता असं मी म्हणणार नाही.

चचांचे थोरले भाऊ त्याच घरात मागच्या खोलीत राहायचे. सगळे त्यांना भाईजान म्हणत. ऐंशीच्या पुढचे, दृष्टी जवळजवळ गेलेली. तरुणपणी ते मॅरिस कॉलेजात काही वर्षं गाणं शिकले होते. विष्णू नारायण भातखंड्यांनी 1926 साली कैसरबागेत सुरू केलेलं हे कॉलेज. पुढे वाजिद अली शाहाच्या परीखान्यात ते नांदलं आणि नंतर भातखंड्यांच्याच नावाने ओळखलं गेलं. भाईजान तिथे होते तेव्हा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर प्राचार्य होते. मी मराठी आहे हे कळल्यावर भाईजान सरळ होऊन बसले. त्यांची तक्रार पन्नास वर्षांची होती. वर्ग सुटले की मराठी शिक्षक आपसात मराठीत बोलायचे, हसायचे, आणि या पोराला वाटायचं की खरी गाण्याची गोष्ट ते आत्ता बोलतायत. एक अक्षर कळायचं नाही.

‘‘क्रमिक पुस्तकं तुमच्या भाषेत लिहिली होती ना पंडितजींनी?’’

हो. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ची क्रमिक पुस्तकमालिका मुळात मराठीत आहे, सहा भागांची, हिंदीत ती हाथरसहून आली. भाईजानांना मूळची ऐकायची होती. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत शोधत मला तीन भाग मिळाले, त्यांतला एक कडा कुरतडलेला. मग असा रिवाज पडला की सकाळी चचांकडे बाण, दुपारी जेवण, आणि उन्हं उतरेपर्यंत भाईजानांना पुस्तक वाचून दाखवायचं. चिजांच्या स्वरलिपीला भाषांतर लागत नव्हतं. मी स्वर म्हणायची, बेसूर, आणि ते माझ्या बेसुराच्या मागचा बरोबर स्वर पकडून गुणगुणायचे. मधल्या गद्याचं मात्र एकेक वाक्य हिंदुस्थानीत करून सांगावं लागे. भाईजान ऐकून घ्यायचे आणि मग भांडायचे. माझ्याशी नव्हे, भातखंड्यांशी. दहा थाटांत सगळे राग कोंबायचे हे त्यांना तेव्हाही पटलं नव्हतं आणि आताही पटत नव्हतं. ‘‘विचारा त्यांना,’’ ते मला म्हणत, जणू पंडितजी शेजारच्या खोलीत आहेत आणि मी निरोप्या. एखाद्या लक्षणगीतात ‘चतुर’ अशी पंडितजींची मुद्रा आली की मात्र हात कानाला लावायचे.

ही देवघेव मी माझ्या बाजूने फेड म्हणून धरत होते. एकदा चचांना तसं म्हणाले, की आता मला जरा हलकं वाटतं. चचा हसले. त्यांचा हिशेब वेगळाच होता. त्यांच्या मते पंडितजींनी मराठी मुलखातून येऊन लखनौला गाणं लिहून दिलं, भाईजान त्यावर जन्मभर जगले, तेव्हा माझी तिरंदाजी हे त्या मुद्दलावरचं व्याज होतं. आणि मी पुस्तक वाचून दाखवल्याने मुद्दल पुन्हा वाढलं. म्हणजे देणेकरी तेच. यावर वाद घालायला मी काही भातखंड्यांची वारस नव्हते. पण चचा म्हणाले, ऋण फेडायला आलेल्या माणसाला कोण वारस आणि कोण नाही हे विचारायची पद्धत लखनौत नाही.

तराईचा विषय निघाला की चचा बिली अर्जन सिंग यांचं नाव काढायचे. वडिलांनी त्यांना खेरीत शिकारी म्हणून पाहिलं होतं. मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात अर्जन सिंगांनी एक बिबळ्या मारला आणि मग शिकार सोडली. पुढे दुधव्याच्या कडेला राहून त्याच जंगलाचं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून धडपडले, आणि 1977 साली ते झालं. चचांना यात फार नाट्य वाटत नव्हतं. ‘‘ज्याने जवळून पाहिलंय तो सोडतोच, उशिरा का होईना.’’ मी त्यांना बदल्यात लिंबा रामची गोष्ट सांगितली. उदयपूरकडचा आदिवासी पोरगा, बांबूच्या धनुष्याने पाखरं मारणारा, 1988 पासून सलग तीन ऑलिंपिक खेळला. ही गोष्ट नातवाने मला पुन्हापुन्हा सांगायला लावली. चचांना त्यातला एकच भाग आवडायचा, पाखरांचा. पाखराच्या किती जवळ जावं लागत असेल, याचा ते विचार करत बसायचे.

मी लखनौ सोडलं त्याआधी भाईजान गेले. पुस्तकं तिथेच ठेवली. चचा त्यानंतर बरीच वर्षं होते. खांदा गेला तरी पेंढा स्वतः भरायचे. ते गेल्याचा फोन नातवाने केला, तेव्हा तो लग्नाचा झाला होता. पुण्याला आल्यावर मी सत्तर मीटर पुन्हा कधी गंभीरपणे खेळले नाही. 2023 मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली आणि ओजस देवतळेने 150 पैकी 150 मारले, तेव्हा टीव्हीसमोर मी ओरडत होते हे खरं. सपाट मैदान, पन्नास मीटर, ठरलेला वेळ, आणि तरी एकही बाण दहाबाहेर नाही! हे काय चीज आहे ते मला कळतं. पण ओजस बाण ओढून धरायचा तेव्हा माझ्या पाखाच्या आतल्या कडेला कळ यायची, उतरवतानाची. ती सवय काही गेली नाही.

नातू आता बाग बघतो. जनावरं कमी झालीत. डुक्कर एकच उरलंय आणि ते नव्या गोणपाटाचं आहे, खतकंपनीचं नाव पाठीवर उलटं छापलेलं. आसपासच्या गावांतली काही पोरं येतात. पंचवीस पावलांचा नियम तो पाळायला लावतो. पाडसाचा नियम पोरांना पटवायला त्रास होतो असं म्हणतो, कारण त्यांना गुण हवे असतात आणि न सोडलेल्या बाणाचे गुण त्यांना खोटे वाटतात. मी त्याला म्हटलं, मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटायचं.

आमचा हिशेब चालू आहे. मी मेच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीच्या हापूसची पेटी पाठवते. तो फोनवर म्हणतो की आंबा ठीक आहे, पण गोडीला अदब नाही, आल्याआल्या अंगावर येतो. जूनच्या शेवटी त्याची दसहरीची पेटी येते आणि मी म्हणते की बरा आहे, पण कोय फार मोठी. हापूस आधी पिकतो, दसहरी मागाहून. त्यामुळे मे ते जून तो माझा देणेकरी असतो आणि जून ते मे मी त्याची. वर्षातले दहा महिने कर्ज माझ्याकडे राहतं, हे त्याने आजोबांसारखंच हसत हसत माझ्या लक्षात आणून दिलं. गेल्या वर्षी मी यावर उपाय म्हणून जानेवारीत स्ट्रॉबेरी पाठवायचं ठरवत होते. तो म्हणाला, स्ट्रॉबेरी हिशेबात धरली जाणार नाही.